वेचणीच्या दिवसांतली संध्याकाळ: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कापूस वेचणीच्या हंगामात शाळेचा व्हरांडा संध्याकाळी ७ वाजेपर्यंत उघडा ठेवणे आणि मोबाईलवरचा गृहपाठ बंद करणेबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. सात एकर वावर, त्यातल्या दीड एकराला विहिरीचं पाणी. धाकटी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला आहे, तिच्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही आहे. थोरला मुलगा शेजारच्या मोठ्या गावात आठवीला जात होता, यंदा नववीत गेला. हे पत्र त्याच्यामुळे लिहितो आहे, त्याला विचारून लिहितो आहे. नाव आणि गाव टाकायचं नाही एवढी त्याची अट आहे. पोराला उद्याही त्याच शाळेत जायचं आहे, तेव्हा अट रास्त आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती आणि हरभरा पाण्यावर आला होता. त्या आठवड्यात कृषीपंपाची लाईन रात्रीची होती. ओलीत करून दीडच्या सुमारास घरी आलो. ओसरीत पोरगा डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेला, आणि गोधडीच्या जुन्या, विरलेल्या जागांतून निळा उजेड झिरपत होता. गोधडी ओढली. गेम असेल, नाहीतर नको ते काही असेल असं वाटलं. हात उगारला होता, खोटं कशाला सांगू.

मोबाईलवर त्याच्या वर्गातल्या पोरांचा ग्रुप उघडा होता. त्यात एकच चित्र वरपासून खालपर्यंत. माझाच पोरगा, ताट पुढे करून उभा. शाळेत खिचडी वाढत होते, याने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, आणि दप्तरात चोरून आणलेल्या कुणाच्या तरी मोबाईलवर फोटो निघाला. त्याचं पोरांनी स्टिकर केलं. खाली लिहिलं, ‘अजून वाढ ना माय’. कुणी सकाळी शुभ सकाळ म्हटलं की ते स्टिकर, कुणाचा वाढदिवस असला की ते स्टिकर, भारताची विकेट पडली तरी तेच. तीन आठवडे हे चालू होतं.

आम्हाला घरात एवढंच दिसत होतं की शाळेतून आला की तो सकाळची भाकरसुद्धा सोडत नाही. त्याची माय म्हणे, वाढतं वय आहे. तीन आठवडे पोरगा शाळेत जेवलाच नव्हता.

‘मंग थो ग्रुप सोडून कावून नाई देत?’ मी विचारलं.

‘सोडला तं मांगं काय बोलतात थे मले कसं समजन?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उगारलेला हात कधी खाली आला तेही कळलं नाही.

लोक म्हणतात, मोबाईल काढून घ्या, विषय संपला. साहेब, मोबाईल घरातून काढायचा कसा? ई-पीक पाहणी मोबाईलवर. सरकारच्या कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. बायकोच्या लाडक्या बहिणीची ई-केवायसी मोबाईलवर. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पोरांचा गृहपाठ मोबाईलवर. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा ते गरजेचं होतं, नाकारत नाही. ज्याच्या घरी साधा मोबाईल होता त्यानेही तेव्हा दुकानदाराकडे हप्ते बांधून मोठा घेतला, मीही घेतला. पण शाळा उघडून वर्षं झाली, सरांचा गृहपाठाचा ग्रुप मात्र बंद झाला नाही. आजही संध्याकाळी सहाला फळ्याचा फोटो येतो आणि खाली ‘सर्वांनी पूर्ण करावे’. मग पोरगा म्हणतो, मोबाईल दे, अभ्यास आला. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? अभ्यास दहा मिनिटांचा, मोबाईल हातात दोन तास. सरांना दोष देत नाही. त्यांना वरून रोज कसले ना कसले फोटो आणि माहिती अपलोड करायची असते, त्यांचंही अर्धं डोकं मोबाईलमध्येच असतं.

हे माझ्याच घरचं रडगाणं असतं तर पत्र लिहिलं नसतं. खेड्यापाड्यांतल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४ चा अहवाल आपल्या कार्यालयात असेलच. देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामाला वापरला, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे अभ्यासाच्या नावाने घरात आलेला पाहुणा आता दुसऱ्याच कामाला लागला आहे. मोबाईलमुळेच पोरांची मनं बिघडतात की आधीच एकटं पडलेलं पोर मोबाईलकडे जातं, यावर जाणकारांचा वाद चालू आहे. तो त्यांनी घालावा. मला माझ्या ओसरीत दोन्ही एकदमच दिसलं.

ते एकटं पडणं कसं असतं, ते सांगतो.

दिवाळीच्या आगेमागे वावरात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि वेचणी लागते. तिथून संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, गावातली घरं दिवसभर कुलपात. मजुरी किलोवर, त्यामुळे ज्याचे हात चालतात तो वावरात. पूर्वी घरी म्हातारी असायची. आता म्हातारीही ओटी बांधून जाते, कारण तिनेही वीस किलो वेचला तर तेल-मिठाचं भागतं. पोरं चार-साडेचारला घरी येतात. माय येते अंधार पडल्यावर, कारण वेचून झालं तरी काटा व्हायचा असतो, आणि काट्यापाशी आपला नंबर येईपर्यंत बसावं लागतं. मधले अडीच-तीन तास पोरगं, घर आणि मोबाईल. आमच्या लहानपणीही मायबाप वावरातच असत, हे मला मान्य आहे. पण तेव्हा पटांगण होतं. आमच्या गावातल्या पटांगणावर आता पाण्याची टाकी उभी आहे. टाकीही लागतेच, तक्रार नाही. टाकीच्या सावलीत संध्याकाळी आठ-दहा पोट्टे एका रांगेत बसलेले असतात, प्रत्येकाची मान खाली. समोरून बैल उधळला तरी कळणार नाही.

आता बंदीचं. आमच्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभा घेऊन १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली, मोडल्यास २०० रुपये दंड. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. दोन्ही गावांना माझा रामराम, सरकारच्या आधी ती जागी झाली. पण आमच्याकडे भोंगा वाजेल तेव्हा ऐकायला मोठं माणूस घरात हवं ना? सातला आमच्या बाया काट्यापाशी असतात. आणि ग्रामसभेला पोराच्या हातातलं काढून घेता येतं. त्या हातात दुसरं काय द्यायचं, त्यासाठी तिच्याकडे पैसाही नसतो आणि माणूसही नसतो.

दिल्लीनेही कायदा केला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी आईबापाची पडताळलेली संमती घ्या, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नका, असं लिहिलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. कायदा चांगला आहे. फक्त त्याला आमचं घर ठाऊक नाही. आमच्याकडे पोराचा वेगळा मोबाईल नसतो. मोबाईल बापाचा, सिम बापाचं, खातं बापाच्या नावाचं, आणि बाप वावरात. कंपनीने संमतीसाठी ओटीपी पाठवला तर तो पोराच्याच हातात पडणार. कंपनीच्या हिशेबी माझ्या घरात ४३ वर्षांचा एक इसम रात्री दीड वाजता खिचडीचं स्टिकर बघतो. तिकडे ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. ते किती टिकेल माहीत नाही, पण एक गोष्ट मला पटली. तिथे दंड मुलाला नाही आणि आईबापालाही नाही, तो कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आणि इथे आम्ही आपल्याच लेकरांवर २०० रुपयांची पावती फाडतो.

पोराला घेऊन मी आधी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर भले होते, पण दारात साठ माणसं ताप-खोकल्याची. ते म्हणाले, यवतमाळला दाखवा. यवतमाळ म्हणजे एक दिवस आणि दोघांची मजुरी. शिवाय ‘डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं’ हे गावात कळलं तर स्टिकरवर आणखी एक स्टिकर. विदर्भातलं एकमेव प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, त्याचं तर नावही घरात काढता येत नाही. शेवटी आशाताईने १४४१६ हा नंबर दिला, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेल्या फोन-मदतीचा. घरात रेंज नाही म्हणून धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभं राहून लावला. पलीकडच्या बाई मराठीतून बोलल्या, घाई केली नाही. पोरगा पहिली पाच मिनिटं नुसता हूं हूं करत होता, मग मला म्हणाला, ‘बाबा, तुमी जरा तिकडं जा.’ मी तुरीच्या तासात जाऊन उभा राहिलो. कितीतरी वेळ बोलला. काय बोलला ते मी आजवर विचारलेलं नाही.

एवढी चांगली सोय आहे आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर तिचा नंबर नाही. पाढे आहेत, सुविचार आहेत, आजवरच्या शिक्षणमंत्र्यांची नावं पाठ होतील एवढे जुने फलक आहेत. तिथे १४४१६ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ रंगवायला दोन तास आणि एक डबा रंग लागेल. हे तर आम्ही समितीतर्फे करूनच टाकतो, त्याला आपल्या परवानगीची वाट बघत नाही.

आपल्याकडे मागायचं आहे ते वेगळं. आपला विभाग ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणाऱ्या मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतो. आमच्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या लोकांना ती माहीत आहेत. म्हणजे पोराची शाळा मायबापाच्या हंगामाला बांधलेली असते, हे सरकारला मान्य आहे. मग जे मायबाप गाव सोडत नाहीत पण अंधार पडेपर्यंत वावरात असतात, त्यांच्या पोरांसाठी गावातच हंगामी संध्याकाळ का नको? कार्तिकापासून पौषापर्यंत, कापूसपट्ट्यातल्या शाळांचा व्हरांडा सातपर्यंत उघडा. शिक्षकांवर हे ओझं टाकू नका, ते आधीच वाकलेले आहेत. गावात बारावी, बीए होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांच्यातली एक नेमा. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं मानधन किती आहे ते आपल्याला ठाऊक आहे, त्यापेक्षा थोडं बरं द्या. दोन कॅरम, एक व्हॉलिबॉल, पेटीत कुलूपबंद पडलेली गोष्टींची पुस्तकं आणि मूठभर फुटाणे. कुणी फार शिकवायचं नाही, नाहीतर पोरं यायची नाहीत.

वाचनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, खेळाचं साहित्य क्रीडा खात्याकडे, समुपदेशन आरोग्याकडे, असं उत्तर येईल हे मी धरून चाललो आहे. पोरगं मात्र एकच आहे आणि व्हरांडा आपला आहे, म्हणून अर्ज आपल्याकडे.

दुसरं मागणं फुकटातलं आहे. आठवीपर्यंतचा गृहपाठ वहीतच लिहून द्यावा, मोबाईलवर पाठवू नये, असं एका ओळीचं परिपत्रक काढा. मग ‘अभ्यास आला’ म्हणून मोबाईल मागायला पोराला कारण उरणार नाही आणि नाही म्हणायला मला तोंड राहील. मी स्वतः रात्री भाव बघता बघता तासभर रिल्स बघतो, हे पोरगा मला ऐकवतोच. त्याचं परिपत्रक माझ्या घरात बायको काढणार आहे.

पाहणीला यायचं ठरलं तर कृपया सकाळी अकराला येऊ नका. अकराला शाळा चांगलीच दिसते. डिसेंबरात, संध्याकाळी साडेपाचला या, आणि आधी शाळेत न जाता टाकीपाशी या.

आपला,
एक पालक
यवतमाळ जिल्हा

ता. क. पत्र पोराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, व्हरांड्यात दिवा तर लागतच नाही, बिल भरलं नाही म्हणून लाईन कापली आहे. खरं आहे, माझ्याकडून राहिलंच. बल्ब आम्ही लावतो, बिलाचं तेवढं आपण बघा.