'आफ्रो' या एका शब्दात किती शहरं कोंबणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्लबांच्या पोस्टरांवर आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हल्ली एकच शब्द दिसतो, 'आफ्रो'. मी पुण्यात बारा वर्षं क्लबमध्ये डीजे आहे. (मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाही आपल्याकडे डीजेच म्हणतात, माझं काम बंद हॉलमधलं, दोन डेक आणि एका मिक्सरवरचं.) आफ्रो हाउस, म्हणजे आफ्रिकी तालांवर बांधलेलं हाउस प्रकारचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, मीही वाजवतो, आवडीने वाजवतो. मिनिटाला १२०च्या आसपास ठोके, गुळगुळीत चाल, रात्रीची सुरुवात करायला उत्तम. पण आफ्रिकेतलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे एवढंच, असा समज पसरतोय. तो मला बोचतो, म्हणून हे पत्र.

टांझानियातल्या दार-ए-सलामचं सिंगेली हे संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते रात्री उशिरा, हेडफोनवर. फाइल चुकीच्या वेगाने वाजतेय असं वाटून मी पिच (वेग कमी-जास्त करायचं बटण) तपासला. तो शून्यावरच होता. सिंगेली मिनिटाला २०० ते ३०० ठोक्यांनी धावतं. शहरातल्या म्बुराहाटी वस्तीत सिसो या निर्मात्याचा छोटासा स्टुडिओ आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तारब संगीतातले तुकडे घ्यायचे, पळवायचे, त्यांचे लूप करायचे (तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा) आणि त्यावर एमसीने, म्हणजे तालावर शब्द फेकणाऱ्या कलाकाराने, स्वाहिलीत दमही न घेता बोलत सुटायचं, अशी ही घडण. २०१७ साली युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या रेकॉर्ड कंपनीने 'साउंड्स ऑफ सिसो' हा संग्रह काढला आणि वस्तीतल्या रस्त्यावर रात्रभर चालणाऱ्या नाचाचं हे संगीत युरोपातल्या क्लबांपर्यंत पोचलं. जे मिट्टा या निर्मात्याच्या अल्बमचं नाव 'तातिझो पेसा'. अर्थ सरळ आहे, अडचण पैशाची.

पहिल्यांदा मी ते हाउसच्या पाठोपाठ थेट लावलं आणि फ्लोअर थबकला. दोष संगीताचा नव्हता, त्याच्यापर्यंत न्यायची वाट मी बांधली नव्हती. ती वाट दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये सापडली. तिथल्या टाउनशिपमधल्या (शहराच्या कडेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या) मुलांनी २०१०च्या आसपास घरच्या कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर वापरून ग्कॉम हे संगीत घडवलं. काळोखी, कोरडं, सुरावट जवळपास नाहीच. किकही (तालाचा मुख्य जड ठोका) हाउससारखी चारही मात्रांवर सरळ पडत नाही, मोडून मोडून पडते. शहरातल्या मिनीबस टॅक्स्यांनी ते गल्लोगल्ली वाजवलं. डीजे लॅगचे ट्रॅक ऐकावेत. ग्कॉम साधारण १२५वर चालतं. दुप्पट केलं की २५०, म्हणजे सिंगेलीचा वेग! दोन्ही एकमेकांवर बसतात. अर्धा तास ग्कॉम वाजवून वर सिंगेलीचा ताशासारखा तडतडणारा थर हळूच उघडला, तर पाय संथ ठोक्यावर राहतात आणि खांदे दुप्पट वेगाने हलायला लागतात. ढोल-ताशावर वाढलेल्या पुणेकरांना तर हे समजावून सांगावंच लागत नाही.

अजून कितीतरी आहे. अंगोलातल्या लुआंडाचं नव्वदच्या दशकातलं कुदुरो १४०च्या आसपासचं. दक्षिण आफ्रिकेतलं शांगान इलेक्ट्रो १८०च्या पुढचं आणि त्यात बास जवळपास नसतोच, मरिंब्याचे (लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे) सूर टपटपत राहतात. ते घडवणारा नोझिन्जा आधी मोबाइल दुरुस्तीची दुकानं चालवायचा. हे सगळं 'आफ्रो'त घातलं की शहर जातं, भाषा जाते, माणसाचं नाव जातं. नाव गेलं की पैसेही जातात. माझ्याच क्षेत्रात ट्रॅक यूट्यूबवरून उतरवून घ्यायचा आणि तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजवायचा, हे सर्रास चालतं. एका ट्रॅकची किंमत बहुतेक वेळा क्लबमधल्या एका पेयापेक्षा कमी असते. माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, विकत घ्या, आणि सेटची यादी टाकताना निर्मात्याचं आणि शहराचं नाव लिहा. आयोजकांनीही पोस्टरवर 'सिंगेली, दार-ए-सलाम' असं छापावं. लोक विचारतील हे काय आहे. विचारू देत.

आपल्याकडेही एक मागणं आहे. सिंगेलीत ज्या तारबचे तुकडे येतात, त्या तारबने पुढे हिंदी चित्रपटांच्या चालीही उचलल्या. आणि त्याच परंपरेतली झांझिबारची थोर गायिका सिती बिंती साद १९२८ साली ध्वनिमुद्रणासाठी समुद्र ओलांडून मुंबईत आली होती. एचएमव्हीने तिची स्वाहिली गाणी मुंबईत मुद्रित केली. इतकी वर्षं मी पुण्यात गाणी वाजवतोय आणि ही गोष्ट मला सिंगेलीचा माग काढताना, गेल्या वर्षी कळली. पुढच्या वेळी पुरवणीत 'आफ्रो'वर पान काढाल, तेव्हा त्यात सितीच्या त्या मुंबईवारीवर एक लेख नक्की द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे