प्राणिगृहातल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

शोधनिबंधात तुमचे नाव छापले जाणार नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मेंदूवैज्ञानिक रिचर्ड मॉरिस यांनी स्मृती तपासण्यासाठी 1981 साली मांडलेल्या पाण्याच्या गोल टाकीत, पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदराला आजूबाजूच्या खुणांवरून शोधावा लागतो. स्कोपोलामाइन दिलेल्या उंदराला ते जड जाते, कारण हे औषध शिकण्या-आठवण्याला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचे मस्करिनिक रिसेप्टर, म्हणजे पेशींवर ते जिथे जोडले जाते त्या जागा, अडवते. हे पुस्तकात वाचलेले होते. प्रत्यक्षात मात्र ज्यांना नुसते सलाईन टोचले होते ते तुलनेसाठीच्या कंट्रोल गटातले उंदीरही भिंतीला लगटूनच पोहत राहायचे, आणि औषधाने काय बिघडवले हे सांगायला आधारच उरत नव्हता. ज्या जाणकारांकडे गेले त्यांपैकी एकाने उंदरांची संख्या वाढवायला सांगितली, दुसऱ्याने आकडे बिघडवणारे उंदीर सरळ वगळायला सांगितले. प्रयोगाच्या खोलीत मात्र दोघांपैकी कोणीही डोकावले नाही.

तुम्ही आलात. पिंजऱ्यातून काढला की लगेच सुई, ही आमच्याकडची जुनी रीत तुम्ही पाहिलीत, काही बोलला नाहीत, आणि एक उंदीर उचलून हातावर घेतलात. त्याने तुमच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसले, तुम्ही दुसऱ्या तळव्याने त्याची पाठ झाकलीत आणि म्हणालात, ‘‘अंग सैल सोडू द्या, मग टोचा.’’

भेदरलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते स्वतःच स्मृतीत ढवळाढवळ करते: शिकून झाल्यावर वाढले तर आठवण पक्की करू शकते, आठवण्याच्या वेळी वाढले तर आड येऊ शकते. थोडक्यात, आमच्या उंदरांना एकाऐवजी दोन औषधे मिळत होती, आणि दुसऱ्याची मात्रा वहीत कुठेच लिहिलेली नव्हती. तुमच्या सांगण्यावरून दोन्ही गटांना रोज हातांची सवय लावली, तेव्हा सलाईनचे उंदीर काठ सोडून चौथऱ्याकडे वळू लागले, आणि मगच स्कोपोलामाइनचा फरक डोळ्यांना दिसला.

प्राण्यांना कमीत कमी त्रास होईल, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या अर्जात आम्ही सगळेच लिहितो. तुम्ही कसलाही अर्ज न भरता, कोणी पाहत नसतानाही तसेच वागता, याचे मला अजून अप्रूप वाटते.

पुढच्या गटासाठी दोन नवे विद्यार्थी येत आहेत. सिरिंज हाती घेण्याआधी त्यांना तुमच्याकडेच पाठवणार आहे. चार शब्द सुनावलेत तरी चालेल.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी