त्या दोन दादांचे आभार

नेरुळच्या आमच्या उद्यानाचा मागचा कोपरा घाणेरीच्या रानटी झुडपांनी पार गिळला होता. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघींनी ती कोयत्याने छाटली, करंज-बहाव्याची 30 रोपं लावली. दिवाळीपर्यंत घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटली. मे महिन्यात नळही बंद पडला. रोपांनी माना टाकल्या, तेव्हा मला रडूच आलं.

शेजारच्या बांधकामावरचे दोन दादा जेवणाच्या सुट्टीत पहार घेऊन आले. घाणेरी मुळासकट खणून काढायची असते, हे त्यांनी करून दाखवलं. रोपांना आळी केली, वाळका पाला पसरला, आठवडाभर कळशीने पाणी घातलं. एकाने तर स्वतःचा गमछा भिजवून सर्वांत कोवळ्या बहाव्यावर सावलीला बांधला. भर उन्हात, स्वतःचं डोकं उघडं ठेवून!

नावं विचारायची राहूनच गेली. दादा, त्या बहाव्याला नवी पालवी फुटलीय. मनापासून आभार.