बॉस्टनहून आई-बाबांना

ती. आई-बाबा, सा. न.

मी ठणठणीत आहे, थर्मल घालते, वेळेवर जेवते, तेव्हा थंडीचं टेन्शन घेऊ नका. रोजचं तुम्हाला माहितीच आहे.

इथली एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. बर्फात रस्त्यावरच्या गाड्या गाडल्या जातात, मग जो फावड्याने जागा मोकळी करतो तो गाडी नेताना तिथे खुर्ची ठेवून जातो आणि ती जागा त्याची! खुर्ची, इस्त्रीचं टेबल, कचऱ्याचा डबा, काहीही चालतं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना तसंच, फक्त इथे पालिकेचीच मुभा आहे, स्नो इमर्जन्सी (मोठ्या बर्फात पालिका जाहीर करते ती) उठल्यावर ४८ तास. साउथ एंड भागात मात्र चालत नाही. आमच्या दारासमोर एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे, पाय तुटलेली, वर नाव नाही की चिठ्ठी नाही, तरी कुणी म्हणजे कुणी तिला हात लावत नाही.

बाबा, ग्रुपवर तुम्ही डोपामिन डिटॉक्सचा, म्हणजे मोबाइलसारखी मजा काही दिवस बंद ठेवायचा, मेसेज टाकलात, पण डोपामिन म्हणजे मेंदूतलं नुसतं सुखाचं रसायन नाहीये हो. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी बघितल्या, अचानक रस मिळाला की या पेशी जोरात पेटतात, पण दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच पेटतात, रसाला नाही, आणि रस आलाच नाही तर बरोब्बर त्याच्या वेळेला गप्प होतात. म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, हे त्या सांगतात. १९९७ चा त्यांचा, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांचा पेपर याच्यावरच आहे.

धोक्याचं वेगळंच, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. स्ट्रायटम नावाच्या मेंदूच्या आतल्या भागाच्या शेपटीकडे जाणाऱ्या डोपामिन पेशी नवीन वस्तू, मोठा आवाज, तोंडावर हवेचा झोत, असल्या गोष्टींना पेटतात आणि लांब राहायला शिकवतात. हार्वर्डच्या वाताबे-उचिदांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की त्या पेशी नसल्या तर उंदीर धोका टाळण्यात कच्चे पडतात. आई, आम्ही छळत नाही गं उंदरांना, नुसता हवेचा झोत असतो, आणि प्रत्येक प्रयोगाला आधी कमिटीची परवानगी लागते.

त्या रविवारी फोन आला नाही म्हणून तू साडेदहापर्यंत जागी होतीस असं ताई म्हणाली. लॅबमधलं पेशींचं रेकॉर्डिंग मधेच सोडता येत नाही, म्हणून राहिलं. पण नंतर ग्राफवर गप्प झालेल्या पेशी बघताना तूच डोळ्यांसमोर आलीस.

घराच्या हप्त्याचे पैसे पाठवलेत, त्यातच आजीच्या फिजिओचे आहेत, ते खर्च करा, एफडीत टाकू नका. ताईच्या साखरपुड्याला नाही जमत, व्हिसाची तारीखच मिळेना, लग्नाला नक्की. तिच्या शालूचे वेगळे पाठवते, लक्ष्मी रोडला गेलात की व्हिडिओ कॉल करा, पदर मला बघायचाय. आणि आत्याने आणलेल्या बाणेरच्या स्थळाला हो-नाही काहीच कळवू नका, मुलाचा नंबर पाठवा, मी स्वतः बोलते.

तुमची
मनू