मशीन घेण्याआधी ऑडिओग्रामवरची खूण पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका कानाने ऐकू येईनासे झालेल्या माणसाला सगळीकडे एकच वाक्य ऐकवले जाते : ‘दुसरा चांगला आहे ना, मग झालं.’ या दिलाशापायी उपचाराचे दिवस निघून जातात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी कानाचे मशीन घ्यायला लावते, ते महिनाभर वापरले जाते आणि मग डबीसकट कपाटात जाते. हे टाळता येते, म्हणून हे पत्र.

कान अचानक गेला असेल तर पहिला प्रश्न वेळेचा. सकाळी उठताच एक कान बंद, आत घूं असा नाद, कधी सोबत चक्कर. सर्दी असेल, मळ असेल असे म्हणून आठवडा जातो, लसूण घालून कोमट केलेले तेल कानात पडते. आतल्या कानाला किंवा श्रवणाच्या नसेला इजा झाली असेल तर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवा, आणि त्यातही जितका आधी तितका बरा. मधुमेह असेल तर गोळ्यांनी साखर चढते. हे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण औषध पडद्यातून थेट मधल्या कानात सोडण्याचाही मार्ग आहे. घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा सूर धरावा. तो बंद कानात जास्त घुमला तर अडथळा बहुधा मळाचा किंवा मधल्या कानाचा असतो. तो चांगल्या कानाकडे सरकला तर नसेचा संशय धरून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. हा फक्त अंदाज आहे, तपासणीला पर्याय नव्हे. दोन कानांच्या ऐकण्यात नसेमुळे फरक पडला असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. श्रवणाच्या नसेवर एखादी साधी, कर्करोगाची नसलेली गाठ आहे का हे त्यात कळते. तो खर्च वायफळ समजू नये.

आता मशीनकडे. एका कानाच्या बहिरेपणात सर्वांत मोठी चूक मशीनच्या दुकानात होत नाही, ती त्याआधी तपासणीच्या खोलीत झालेली असते. हेडफोनमधून मेलेल्या कानात आवाज सोडला आणि तो वाढवत नेला, की साधारण ४० डेसिबलपुढे तो कवटीतून पलीकडे जाऊ लागतो आणि चांगला कान तो ऐकतो. माणूस प्रामाणिकपणे बटण दाबतो. तपासणीच्या आलेखावर, म्हणजे ऑडिओग्रामवर, मात्र मेलेला कान ५०-६० डेसिबलवर ‘ऐकतो’ असे दिसते. ही चांगल्या कानाची सावली असते. ती टाळायची तर चांगल्या कानात त्याच वेळी खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते. याला मास्किंग म्हणतात. ते नीट करायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या शिबिरात नेमके तेच गाळले जाते. मग त्या सावलीच्या आकड्यांवर मशीन बसवले जाते, आणि ज्या कानात ऐकणारे काही उरलेलेच नाही तिथे आवाज ओतला जातो.

रिपोर्ट हातात असेल तर हे स्वतः तपासता येते. उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्या कानाची निळी फुली असते. मास्किंग केले असेल तर उजव्याला लाल त्रिकोण आणि डाव्याला निळा चौकोन काढतात. दोन कानांत मोठा फरक आहे आणि वाईट कानावर नुसतेच गोल किंवा फुल्या आहेत, तर तपासणी पुन्हा करून मागावी, मशीनचे नंतर बघू. सोबत शब्द ओळखण्याची चाचणीही हवी. सोयीच्या आवाजात सांगितलेल्या २५ शब्दांपैकी किती बरोबर परत म्हणता आले, यावरून तो कान बोलणे समजू शकतो का हे कळते. शब्द फुटके, भरडलेले ऐकू येत असतील तर मोठे केल्याने ते मोठ्याने भरडले जातात, इतकेच.

वाईट कानात उपयोगाचे काही शिल्लक असेल, तर त्याच कानात साधे श्रवणयंत्र लावावे आणि ते लवकर लावावे. कान पुरता गेला असेल तर क्रॉस पद्धतीचे यंत्र असते. त्याचे दोन भाग. गेलेल्या कानामागचा भाग तिकडचा आवाज टिपून बिनतारी पाठवतो, चांगल्या कानावरचा भाग तो ऐकवतो. चांगल्या कानात इथे सच्छिद्र, उघडा डोम (कानाच्या छिद्रात बसणारी मऊ टोपी) हवा. घट्ट डोम बसवला तर आहे तो चांगला कानच बुजतो, आणि ही चूक वारंवार दिसते. चांगला कानही थोडा अधू असेल तर बायक्रॉस, म्हणजे त्या कानालाही थोडे मोठे करून देणारे यंत्र. तिसरा मार्ग हाडातून ऐकवणाऱ्या यंत्राचा. ते डोक्याच्या पट्ट्यावर बसवून आठ-पंधरा दिवस वापरून पाहता येते, त्याआधी ते कवटीत बसवण्याच्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. एका कानाच्या बहिरेपणासाठी कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवून नसेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राला, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. इथेही ते करता येते, मात्र जन्मतःच एक कान गेलेल्या मुलात श्रवणाची नस आहे का, पुरेशी जाड आहे का, हे आधी एमआरआयमध्ये पाहावे लागते.

क्रॉसची मर्यादा विकत घेण्याआधीच कळायला हवी. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो, आणि तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एकाच कानाला दोन्हीकडचे ऐकवणारे यंत्र हे परत देऊ शकत नाही. हॉर्न ऐकू येईल, कुठून ते कळणार नाही. म्हणून रस्ता ओलांडताना कानावर विसंबू नये, डोळ्यांनी दोन्हीकडे पाहावे. आणखी एक, गेलेल्या कानाच्या बाजूला मिक्सर किंवा पंख्याची घरघर असेल तर क्रॉस ती उचलून चांगल्या कानात आणून टाकते. अशा वेळी पाठवणारा भाग बंद करावा.

खरेदीआधी घरी वापरून पाहण्याची मुदत मागा, आणि ती लेखी मागा. शांत केबिनमध्ये सगळीच यंत्रे छान वाटतात. जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, भाजीच्या बाजारात लावून पाहा. सुरुवातीला घरात दोन-तीन तास, मग टीव्ही, मग माणसांचा घोळका, असे वाढवत न्यावे. महिना-दीड महिना मेंदूला द्यावा लागतो. पंधरा दिवसांनी सेटिंगसाठी जाताना ‘बरोबर वाटत नाही’ एवढेच सांगू नका. ‘ताट आपटले की टोचते’, ‘आपलाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा येतो’ असे नेमके सांगितले तर नेमके बदलता येते.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून देखभालीचे थोडे सविस्तर. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणि घामात यंत्रे जास्त बिघडतात. रात्री यंत्र कोरडे पुसून, सेलचे दार उघडे ठेवून, सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावे. दाणे रंग बदलले की ओल भरली असे समजावे, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ते तापवून सुकवावेत किंवा नवे आणावेत. यंत्र उन्हात, तव्याजवळ किंवा हेअर ड्रायरखाली कधीही सुकवू नये.

सेल झिंक-एअरचा असतो, त्याला हवा लागते. सेलवर चिकटवलेल्या पट्टीचा रंग त्याचा आकार सांगतो : पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५, आणि हे रंग जगभर सारखेच. पट्टी सोलल्यावर सेल लगेच आत घालू नये, तीन-चार मिनिटे उघडा ठेवावा, तो जास्त टिकतो. एकदा सोललेली पट्टी परत चिकटवून काही वाचत नाही. क्रॉसमध्ये बिनतारी काम सतत चालत असल्याने सेल लवकर संपतो, हा बिघाड नव्हे. वापरलेले सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळला गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यंत्र गप्प झाले तर क्रमाने पाहा. नवा सेल, मग दार नीट बसते का, मग मळाची जाळी, मग नळी. कानात स्पीकर असलेल्या यंत्राची जाळी बदलायला दोन टोकांची काडी मिळते. एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्याने नवी दाबून बसवायची. टाचणी किंवा केसांची पिन घातली तर मळ आत ढकलला जातो आणि स्पीकर जातो. साच्याच्या (कानाच्या मापाने घडवलेल्या, कानात बसणाऱ्या तुकड्याच्या) नळीत पाण्याचा थेंब अडकला तरी आवाज बंद होतो. साचा यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारावी, तोंडाने फुंकू नये, त्यातही ओल असते. तीन ते सहा महिन्यांत नळी पिवळी, कडक होते आणि आखडते. ती बदलायला फार खर्च नसतो, पण न बदलल्यास साचा कानाबाहेर ओढला जातो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टीची बाकी कारणे म्हणजे सैल साचा, लहान डोम, नळीला चीर आणि कानात साठलेला मळ. आवाज कमी करून शिट्टी थांबवणे म्हणजे यंत्र अर्धे बंद करणे.

उरलेला कान जपायला हवा. फटाके, मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती, कारखान्यातला आवाज, यांपासून तो लांब ठेवावा किंवा बोळे वापरावेत. क्षयाच्या किंवा मोठ्या जंतुसंसर्गाच्या उपचारात अमिकासिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शने सुचवली गेली तर ‘मला एकच कान आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. वर्षातून एकदा त्या कानाची तपासणी करावी.

शेवटी सरकारदरबारी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहिरेपणाच्या व्याख्या दोन्ही कानांच्या आहेत. टक्केवारी काढताना चांगल्या कानाच्या श्रवणदोषाच्या टक्क्यांना पाचने गुणून त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान शंभर टक्के गेला आणि दुसरा शाबूत असला तर उत्तर सतरा टक्क्यांच्या आत येते. सवलतींची रेषा ४० टक्क्यांची. म्हणजे गालगुंडाने एक कान गेलेल्या शाळकरी मुलाला ना सवलती, ना दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र. टक्केवारीचा वाद मोठा आहे, तो चालत राहील. पण शाळेच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक कान वेगळा तपासावा, एक कान नापास झाला तरी पुढे पाठवावे, आणि अशा मुलाचा चांगला कान वर्गाच्या दिशेने व वाईट कान भिंतीकडे येईल अशी जागा त्याला वर्षभर द्यावी, एवढे तर शिक्षण विभागाच्या एका परिपत्रकाने या जूनपासूनच होऊ शकते. त्यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक श्रवणतज्ज्ञ