दुधाळ झालेल्या फिश टँकचं सगळं पाणी बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या सोसायटीत यंदा तीन घरांत नवीन फिश टँक आले, त्यातल्या दोन घरांतून मला आठवड्याच्या आत फोन आला की पाणी दुधासारखं झालंय, आता काय करू. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत आमच्याकडे अगदी हेच झालं होतं आणि तेव्हा आम्हाला कुणी दोन वाक्यं नीट सांगितली असती तर आमचे तीन मासे वाचले असते, म्हणून हे पत्र लिहितेय.

मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक आणला, 24 बाय 12 बाय 12 इंचाचा, म्हणजे साधारण 56 लिटर पाणी. दुकानदाराने त्याच दिवशी चार गोल्डफिश, टँक क्लीनर म्हणतात तो एक सकर मासा, रंगीत खडे आणि खाण्याचा डबा असं सगळं एकदम दिलं. तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं, मागची भिंत दिसेना. दुकानात फोन केला तर म्हणाले सगळं पाणी काढा, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, मीठ टाका आणि निळं औषध टाका. आम्ही केलं. पाणी काचेसारखं झालं आणि दोन दिवसांत परत दुधाळ. परत फोन, परत तेच उत्तर. आठ दिवसांत तीन वेळा अख्खा टँक रिकामा करून घासला आणि नवव्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते, अकराव्या दिवशी तिसरा गेला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला वाटलं आपण नीट स्वच्छ केलं नाही म्हणून मेले. तो रडत रडत परत स्पंज घासायला बसला होता, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आमच्या शेजारच्या विंगमधले एक काका कित्येक वर्षं मासे पाळतात, शेवटी त्यांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा मुलाच्या हातातला स्पंज काढून घेतला आणि म्हणाले, अगं तुम्ही रोज विरजण धुवून टाकताय आणि दही का लागत नाही म्हणताय.

मासा पाण्यातच शी करतो, उरलेलं खाणं तळाला कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. जुन्या टँकमध्ये स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चांगले जिवाणू बसलेले असतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असलं तर मासे सहन करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच, म्हणून दोन्ही टप्पे पूर्ण व्हावे लागतात. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस लागतो, त्यामुळे नवीन टँक तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. पाणी पांढरं दिसतं ते वेगळ्या जिवाणूंमुळे, ते कुजलेल्या खाण्यावर जगतात आणि भराभर वाढून पाण्यात तरंगतात. ते स्वतः माशाला मारत नाहीत पण पाण्यातला ऑक्सिजन खातात, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. आपण घाबरून सगळं पाणी काढतो, नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतो, आणि जे चांगले जिवाणू नुकते कुठे बसायला लागलेले असतात तेच मरतात. त्यात ते निळं औषध, ते बुरशीसाठी वेगळ्या भांड्यात वापरायचं असतं, मेन टँकमध्ये टाकलं की चांगल्या जिवाणूंनाही मार बसतो.

काकांनी स्वतःच्या जुन्या टँकमधला स्पंज आणून आमच्या टँकमध्ये पिळला. तपकिरी गढूळ पाणी बघून मुलगा ओरडलाच, पण तेच आमचं विरजण होतं. त्यांचा एक स्पंज महिनाभर आमच्या फिल्टरशेजारी राहिला. एअर पंप चोवीस तास चालू, खाणं दिवसाआड आणि तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच, कारण दोन दिवस खाल्लं नाही तरी निरोगी मोठ्या माशाला काही होत नाही, पण उरलेल्या खाण्याने होतं. पाणी बदलायचं, पण रोज फक्त चौथा हिस्सा, बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं किंवा अँटी-क्लोरीन टाकलेलं, आणि फिल्टरला हात लावायचा नाही. महिन्याभरानंतर स्पंज फारच तुंबला तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच हलवायचा, नळाखाली कधीच नाही.

पाचव्या दिवशी पाणी निवळलं. मला वाटलं झालं आता, पण काकांनी थेंबांचं टेस्ट किट दिलं होतं त्यात अमोनिया अजून दाखवत होता, आणि तो शून्यावर यायला पाचवा आठवडा उजाडला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे ते माशांसाठी चांगलं आहे असं नाही, आमचे मासे गेले त्या सकाळी पाणी आरपार दिसत होतं. पाणी चमकवायच्या बाटल्या मिळतात त्या फक्त तरंगणारे कण गोळा करून खाली बसवतात, अमोनिया तिथेच राहतो.

प्रत्येक गढूळ पाणी असंच असतं असं पण नाही. काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. पहिल्याच दिवशी गढूळ असेल आणि काही तासांत तळाला रेती बसली तर खडे नीट धुतले नव्हते एवढंच. हिरवट दिसलं तर शेवाळ, टँक खिडकीतून हलवा, लाइट सहा तासांवर आणा आणि खाणं कमी करा. चहासारखं पिवळट असेल तर आत लाकूड ठेवलंय का बघा, त्याने काही बिघडत नाही. जुन्या टँकचं पाणी अचानक पांढरं झालं तर कुठेतरी मासा मरून अडकलाय का ते आधी शोधा, नाहीतर लाइट बराच वेळ गेली होती का ते आठवा, फिल्टर बंद पडला की आतले जिवाणू गुदमरतात. आमच्या सिंहगड रोडला उन्हाळ्यात टँकर येतो, त्याला कधीकधी ब्लीचिंगचा वास असतो, ते पाणी सरळ टँकमध्ये ओतू नका.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाणी सारखं खराब होतंय म्हणून कंटाळून लोक मासे कॅनॉलला नाहीतर नदीत सोडतात, मला पण एकीने तेच सुचवलं होतं. कृपा करून असं करू नका. टँक क्लीनर म्हणून विकला जातो तो सकर मासा आपला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे, अंगाला काटे आणि कडक खवले, जाळ्यात अडकला की जाळं फाडतो. मुठेचं पाणी पुढे भीमेत आणि उजनीत जातं आणि तिथले मच्छीमार ह्या माशाने हैराण झालेत. मासा नकोच असेल तर दुकानात परत द्या किंवा पाळणाऱ्या कुणाला द्या.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, टँक आणि मासे एकाच दिवशी विकू नका. आज टँक न्या, फिल्टर चालू ठेवा, आमच्या चालू टँकमधला हा स्पंजचा तुकडा घेऊन जा, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाणं टाका, महिन्याने पाणी तपासून दोन छोटे मासे घ्या, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट वर्षानुवर्षं परत येतं. आणि 56 लिटरमध्ये चार गोल्डफिश देऊ नका, तो मासा चांगला सात-आठ इंच वाढतो आणि घाण पण खूप करतो. आमचा जो एक गोल्डफिश वाचला तो आता काकांच्या चार फुटी टँकमध्ये आहे आणि आमच्याकडे सहा गप्पी आहेत.

तुमच्या मुलांच्या पानावर ह्या विषयावर एक छोटी चौकट छापता आली तर बघा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं परत टँक मागतील, त्याच्या महिनाभर आधी आली तर फार उपयोग होईल.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे