भाकर, 'आम्ही' आणि लॅटिन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅथलिक उपासनेची बातमी आली की मराठी वृत्तपत्रांत दोन विधाने हमखास वाचायला मिळतात : व्हॅटिकनने लॅटिन बंद केली, आणि पोप जे बोलतील तो धर्माचा कायदा. दोन्ही चुकीची आहेत.

१८७० च्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) पोपच्या वचनाला अचूक ठरवले ते फक्त 'एक्स काथेद्रा' बोलताना, म्हणजे पीठावरून साऱ्या ख्रिस्तसभेसाठी श्रद्धा किंवा नीतीबाबत अंतिम निर्णय देताना. त्यानंतर हा अधिकार एकदाच वापरला गेला, १ नोव्हेंबर १९५० रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबाबत. विमानात पत्रकारांना दिलेले उत्तर त्यात बसत नाही.

लॅटिनचेही तसेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लॅटिन जपायला सांगितले आणि लोकभाषांना वाट मोकळी केली. २०२१ चे निर्बंध आले ते १९६२ च्या जुन्या विधीवर. सध्याच्या विधीचे मिस्साबलिदान, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये करता येते. (त्यातले 'किरिये एलेइसोन', म्हणजे 'प्रभो, दया कर', मात्र ग्रीक आहे आणि 'आमेन' हिब्रू, त्यांना लॅटिन म्हणू नये.)

मराठी उपासनेच्या मागे आजही लॅटिनच उभी असते. उपासनेच्या अधिकृत मूळ लॅटिन ग्रंथाला 'एदित्सिओ तिपिका' म्हणतात. त्यावरून अनुवाद करून घेणे आणि मंजूर करणे हे बिशपांच्या परिषदेचे काम. २०१७ पासून अशा अनुवादाला रोम 'कॉन्फिर्मात्सिओ', म्हणजे पुष्टी, देते. विधीतच स्थानिक बदल करायचा असेल तर 'रेकोग्नित्सिओ' हे अधिक कसून केलेले परीक्षण लागते. एकदा ग्रंथ छापला की वेदीवरच्या धर्मगुरूलाही त्यातला शब्द स्वतःच्या मर्जीने वाढवता, गाळता वा बदलता येत नाही.

एका शब्दाने काय बिघडते ते बाप्तिस्म्यात दिसते. 'एगो ते बाप्तिझो', म्हणजे 'मी तुला बाप्तिस्मा देतो'. त्याऐवजी 'आम्ही तुला' म्हटले तर बाप्तिस्मा होतच नाही, असा निर्णय रोमने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. कारण असे की संस्कार ख्रिस्त स्वतः करतो आणि देणारा त्याच्या वतीने बोलतो; जमलेली मंडळी तो देत नाहीत. अमेरिकेतील एका धर्मगुरूचा बालपणीचा बाप्तिस्मा 'आम्ही'ने झाल्याचे जुन्या चित्रफितीवरून उघड झाले. बाप्तिस्मा नाही म्हणून गुरुदीक्षाही नाही. सगळे संस्कार त्याला नव्याने घ्यावे लागले. मराठीत हा धोका जास्त आहे. आपल्याकडे मानाने किंवा सवयीने 'आम्ही' सहज तोंडी येते. पाण्याचेही तसेच : ते डोक्यावरून वाहायला हवे. ओला अंगठा कपाळाला टेकवला तर शंका उरते.

दुसरे उदाहरण थेट आपल्या सोलापूरच्या ताटातले. मराठी प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'रोजची भाकर' मागतो, आणि इथे भाकर म्हणजे ज्वारीचीच. पण वेदीवर ज्वारी चालत नाही. ओस्ती, म्हणजे मिस्साची भाकर, फक्त गव्हाची आणि पाण्याची, लॅटिन (पाश्चात्त्य) परंपरेत बेखमीर आणि अलीकडे भाजलेली लागते. गव्हाचे पीठ सोसत नसेल त्याला कमी ग्लुटेनची ओस्ती चालते. ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही; कमी ग्लुटेनही सोसत नसेल त्याने फक्त चषकातून प्रसाद घ्यावा. द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचाच हवा. तो आंबून शिरका झाला तर बलिदान वैध राहत नाही, म्हणून उघडलेली बाटली आधी चाखून पाहावी. त्यात पाणी घालायचे ते अगदी थोडे.

याचा व्यवहारातला उपयोगही सांगतो. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतील कुटुंबे आहेत आणि कॅथलिक घरांशी त्यांच्या सोयरिकी जुळतात. अशा वेळी 'पुन्हा बाप्तिस्मा घ्या' असे कोणी सांगितले तर घाई करू नये. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे शब्द नीट वापरलेले असतील तर प्रोटेस्टंट बाप्तिस्माही कॅथलिक ख्रिस्तसभा मानते आणि तो दुसऱ्यांदा देत नाही. दाखल्यावर तारीख, चर्च आणि देणाऱ्याचे नाव आहे ना ते पाहावे. कोणते शब्द उच्चारले हे दाखल्यावर नसते, म्हणून त्या मंडळीच्या पाळकांकडून तसे पत्र लिहून घ्यावे. चौकशी करूनही खरी शंका उरली तरच 'सुब कॉन्दित्सिओने', म्हणजे अट घालून, संस्कार होतो : 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला...'. तिथेही 'मी'च.

– एक वाचक, सोलापूर